जबाबदार व्यक्तीची सही

वारजे,
२१ एप्रिल २०२५

बाबा,

तुमचा मसुदा मिळाला. कर्वेनगरहून वारज्याला स्पीड पोस्टाने यायला त्याला दोन दिवस लागले. पायी निघाला असता तर पाऊण तासात पोचला असता, पण गेल्या दोन वर्षांत आपल्या दोघांपैकी कोणी पायी निघालेलं नाही. शिवाय 'जे म्हणायचं ते लेखी म्हण' हा तुमच्या घरचा नियम. मी पाळते आहे.

मसुद्याखाली माझं नाव टाईप केलेलं आहे. 'सुरुची श्याम बेहेरे, बायोमेडिकल इंजिनिअर, सदर रुग्णालयातील कर्मचारी.' शेजारी पेन्सिलीने फुली आणि 'इथे सही कर'. १८ मेच्या जनसुनावणीत हे माझं निवेदन म्हणून वाचायचं, असं तुमच्या 'घटनेत आरोग्य' अभियानाने ठरवलेलं दिसतं. मला कोणी विचारलं नाही. जे लोक देशाला नवा मूलभूत हक्क मिळवून देण्यात गुंतलेत, त्यांना असल्या किरकोळ गोष्टींना वेळ कुठून असणार.

निवेदन तीन पानांचं आहे. मी ते मशीनचं मॅन्युअल वाचतात तसं वाचलं. पहिलं पान ठीक आहे. सार्वजनिक आरोग्य ही राज्याची जबाबदारी असं घटनेचा सत्तेचाळिसावा अनुच्छेद म्हणतो, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्याच्या जोरावर कोर्टात जाता येत नाही. तातडीचे उपचार न्यायालयाने जगण्याच्या हक्कात वाचून दाखवले आहेत, पण तसं तिथे लिहिलेलं नाही. म्हणून ते स्पष्ट शब्दांत मूलभूत हक्कांत लिहावं. हे सगळं मी दहावीत असल्यापासून जेवताना ऐकलंय. तुम्ही बोलायचात, बायडाबाई पोळ्या वाढायच्या.

दुसऱ्या पानावर त्याच बायडाबाई 'पीडित महिला' झाल्या आहेत. ६ मार्चला आपल्या स्वयंपाकघरात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि तुम्ही त्यांना रिक्षाने आमच्या हॉस्पिटलात आणलंत, हे बरोबर. पुढचं वाक्य असं: 'काउंटरवरील निशा नामक कर्मचाऱ्याने बेकायदेशीर अट घालून रुग्णास पाऊण तास ताटकळत ठेवले व अखेर आमच्या कायदेशीर हस्तक्षेपापुढे रुग्णालयास माघार घ्यावी लागली.'

या वाक्यात खरे शब्द दोन. 'पाऊण तास'.

निशा नामक कर्मचारी तेवीस वर्षांची आहे आणि कंत्राटावर आहे. १० मार्चपासून तिला 'चौकशी होईपर्यंत येऊ नका' असं सांगितलंय. तुमचं वाक्य माझ्या सहीने छापलं गेलं, तर तिला परत बोलावणार नाहीत. तेव्हा मी सही करत नाही. चूक दुरुस्त करा, मग पाहू.

घटना घडली तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावर कामात होते. प्रत्यक्ष काही पाहिलेलं नाही. माझं म्हणणं नोंदींवर आधारलेलं आहे.

सुरुची

वारजे,
३० एप्रिल

बाबा,

'तुझे मालक तुला हे लिहायला सांगतात काय?' हे तुमचं उत्तर. दोन वर्षांपूर्वी मी ही नोकरी धरली, त्या दिवशी जेवताना तुम्ही हेच विचारलं होतंत. गरिबांसाठी राखीव खाटा न देणाऱ्यांची नोकर झालीस, म्हणालात. मी ताट उचलून ठेवलं आणि महिनाअखेरीला खोली घेतली. वाक्य जुनं झालंय, नवीन शोधा.

तुम्ही पुरावा मागितलात. घ्या.

त्या दिवशी सकाळी ७.१० ला बायडाबाईंनी धायरीला नवऱ्याला फोन केला. तेव्हा बोलणं स्वच्छ होतं, असं गेनबा सांगतात. फोनमध्ये वेळ आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि झटक्याची नेमकी वेळ माहीत नसली की माणूस शेवटचा धड कधी होता तिथपासून मोजतात. म्हणजे ११.४० पर्यंत.

त्या किती वाजता पडल्या ते कोणालाच माहीत नाही, कारण तुम्ही हॉलमध्ये खासदारांना पाठवायचं निवेदन लिहीत होतात. सव्वादहाला उठलात. का उठलात, ते तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंत आणि त्यांनी केसपेपरवर लिहून घेतलंय: दहाचा चहा आला नाही म्हणून.

काउंटरचं टोकन १०.५८ चं. त्या मशीनचं घड्याळ मी स्वतः तपासलंय, बरोबर आहे. व्हीलचेअर द्यायच्या आधी वॉचमनने केसपेपर मागितला, त्यात चार मिनिटं गेली. ती हॉस्पिटलची, मी ती माफ करत नाही. ११.०२ ला निशाने फॉर्म पुढे केला. पैसे मागितले नाहीत. आधार कार्ड मागितलं नाही. फक्त शेवटची ओळ: 'रुग्णाची जबाबदारी घेणारी व्यक्ती. नाव, नाते, सही.'

आणि तुम्ही नाही म्हणालात.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. तातडीच्या रुग्णाला दाखल करताना कोणतीही अट घालता येत नाही, सही ही अट आहे, म्हणून सही मागणं बेकायदेशीर आहे, आणि मी सही केली तर बेकायदेशीर गोष्टीला मान्यता दिल्यासारखं होईल. कायदा तुमच्या बाजूला होता. बायडाबाई व्हीलचेअरवर उजव्या बाजूला कलत होत्या.

एकतीस वर्षं तुम्ही कायदा शिकवलात. निषेध नोंदवून सही करता येते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. दोन शब्द लिहायचे होते.

११.४३ ला त्यांना आत घेतलं, ११.५२ ला सीटी स्कॅन झाला. स्कॅनच्या मशीनची देखभाल माझ्याकडे आहे, त्याची वेळ चुकत नाही. इंजेक्शनची मुदत बारा मिनिटांपूर्वी संपली होती. एरवी आमच्याकडे दारापासून इंजेक्शनपर्यंत पस्तीस मिनिटं लागतात. म्हणजे झालं असतं.

आता 'कायदेशीर हस्तक्षेपापुढे माघार'. तुम्ही जिंकलात असं तुम्हाला वाटतंय, म्हणून फॉर्मची प्रत सोबत जोडली आहे. शेवटची ओळ पाहा. नाव: निशा वैजनाथ पोकळे. नाते: नाही. सही तिचीच.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, काका खूप हाय लेव्हलचं बोलत होते. मला निम्मं कळलं नाही. मावशींच्या तोंडातून लाळ यायला लागली. मग म्हटलं, जाऊ दे, आपणच करू साइन."

कर्मचाऱ्याने नात्यात नसलेल्या रुग्णाची जबाबदारी घ्यायची नाही असा नियम आहे. चौकशी त्याची चालू आहे. तुमच्या मसुद्यातली खलनायिका ही.

सुरुची

वारजे,
८ मे

बाबा,

तुमचं उत्तर आलं नाही. तुमच्याकडून ही पहिलीच वेळ.

रविवारी धायरीला गेले होते. बायडाबाईंच्या खोलीत समोरच्या भिंतीवर तुमचं पोस्टर लावलंय. त्यांचा चेहरा, आणि खाली 'हिला कोणी रोखलं?' फार चांगला प्रश्न आहे. त्यातल्या 'हिला'बद्दलही एकदा विचार करा. एकोणीस वर्षं तुम्ही त्यांना अहोजाहो करत होतात.

गेनबांना मात्र पोस्टर आवडलंय. "येवढा मोटा फोटू लग्नात बी न्हवता काडला," म्हणाले. "बेस आलाय. फकस्त हिला इचारलं असतं तर लुगडं बदलून बसली असती."

बायडाबाईंचा उजवा हात मांडीवर पडलेला असतो. बोलतात, पण एकेक शब्द शोधून आणावा लागतो. मी त्यांना तुमचं काय चुकलं ते समजावून सांगायला गेले होते. आकड्यांसकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "सर भांडले. माझ्यापायी."

मी म्हटलं, भांडले म्हणूनच तर उशीर झाला.

"आसंल. पन माझ्यापायी आजवर कोन भांडलंय, ताई? ह्यो?" आणि डाव्या हाताने गेनबांकडे बोट.

"मी तुझ्याशी भांडतो की," गेनबा म्हणाले.

त्या हसल्या. अर्ध्या चेहऱ्याने.

असल्या कृतज्ञतेचं काय करायचं ते तुम्हाला बहुधा माहीत असेल, तुम्ही ती पोस्टरवर छापता.

पण निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. "सर तुमाला फोन लावत व्हते. तीन डाव. 'सुरुची उचल, सुरुची उचल' म्हनत व्हते."

तुमचा मसुदा पुन्हा काढून वाचला. तुम्ही त्यात वॉचमनच्या टोपीचा रंग लिहिलाय. काउंटरच्या काचेला किती भोकं आहेत ते लिहिलंय. तीन फोनांचा उल्लेख कुठेच नाही.

तेव्हा दुरुस्ती करते. ६ मार्चला मी तिसऱ्या मजल्यावर नव्हते. कॅन्टीनमध्ये होते. फोन टेबलावर होता, स्क्रीन वर. ११.०९, ११.१७, ११.३१. तिन्ही वेळा 'बाबा' असं आलं आणि तिन्ही वेळा मी पाहत राहिले. आदल्या पंधरवड्यात अभियानाच्या निवेदनावर सही कर म्हणून तुमची दोन पत्रं आली होती. मला वाटलं, आता फोनवर सही मागताय.

कर्मचारी खाली येऊन 'माझ्या घरचं माणूस आहे' म्हणाला, की आमच्याकडे फॉर्म नंतर भरतात. हे कुठल्या नियमात नाही, पण असं चालतं. कॅन्टीनपासून काउंटरपर्यंत एकशे दहा पावलं आहेत. मी नंतर मोजली.

मूलभूत हक्कांचा पुरस्कर्ता सातव्या मिनिटाला वशिला शोधत होता, हे मसुद्यातून का वगळलंत? स्वतःला वाचवायला की मला? दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या आहेत. उत्तराची अपेक्षा नाही.

सुरुची

वारजे,
१३ मे

बाबा,

सोबत माझं निवेदन. एक पान आहे. यातला शब्दही बदलू नये. वाचायचं नसेल तर वाचू नका, पण मग माझं नाव कुठेही घेऊ नका.

'६ मार्च रोजी रुग्ण हॉस्पिटलच्या दारात १०.५८ ला आली व ११.४३ ला आत घेतली गेली. पंचेचाळीस मिनिटांपैकी पहिली चार वॉचमनने केसपेपर मागितल्यामुळे गेली. उरलेली एकेचाळीस, रुग्णासोबत आलेले माझे वडील प्रा. श्याम बेहेरे यांनी जबाबदार व्यक्तीच्या ओळीवर सही करण्यास नकार दिल्यामुळे गेली. त्यांतली शेवटची चौतीस मिनिटं मीही थांबवू शकले असते. मला फोन येत होते. मी इमारतीतच होते. मी उचलले नाहीत. शेवटी सही कंत्राटी कर्मचारी निशा पोकळे हिने केली. रुग्णाशी तिचं काही नातं नव्हतं. त्या सकाळी त्या काउंटरपाशी योग्य वागलेली ती एकटीच आहे, आणि शिक्षाही तिलाच झाली आहे.'

हॉस्पिटललाही याची प्रत दिली आहे. माझे मालक खूश नाहीत. तुम्हाला ऐकून बरं वाटेल.

सुरुची

वारजे,
२० मे

बाबा,

मी सुनावणीला आले होते. मागच्या दाराजवळ उभी होते. तुम्ही पाहिलंत आणि न पाहिल्यासारखं केलंत, त्याबद्दल आभारी आहे.

तुम्ही वाचणार नाही असं मी धरून चालले होते. तुम्ही चष्मा पुसलात आणि वाचलंत. 'माझे वडील प्रा. श्याम बेहेरे' हे शब्द तुम्ही वर्गात हजेरी घेतल्यासारखे वाचलेत, जरासुद्धा न अडखळता. पहिल्या रांगेतले तात्याराव हळूच म्हणाले, "अहो श्यामराव, हे आपल्याविरुद्ध जातंय." तुम्ही म्हणालात, "माझ्याविरुद्ध जातंय, तात्याराव. आपण गप्प बसा."

इथवर मला काही बोलायचं नव्हतं. पण तुम्ही खाली बसला नाहीत. स्वतःची चूक हातात आली आणि तुम्ही तिचाही मुद्दा केलात.

"रुग्णाचा जीव एका म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या हट्टावर, त्याच्या मुलीच्या रुसव्यावर आणि एका पोरीच्या दयेवर अवलंबून राहतो, आणि याला आपण आज हक्क म्हणतो," तुम्ही म्हणालात. "त्या फॉर्मवर ती ओळ असलीच पाहिजे. जबाबदार व्यक्ती कोणीतरी हवीच. पण तिथे नाव राज्याचं हवं, आधीच छापलेलं, घटनेने सही केलेलं. मग काउंटरपाशी शहाणपणा करायला कोणाला जागाच उरत नाही. मलासुद्धा."

टाळ्या पडल्या. दोन बायका डोळे पुसत होत्या. मला राग आला. मी घरी येऊन या मुद्द्यात चूक शोधत बसले. मशीन बिघडलं की मी आधी एकच पाहते: हे चालायला एखादा भला माणूस हजर असावा लागतो का? लागत असेल तर ते मशीन सदोष. तुमचा मुद्दा तोच आहे. तो बरोबर आहे, आणि तो सिद्ध करायला तुम्हाला बायडाबाईंचा हात खर्ची घालावा लागला. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या आहेत, हे मला आवडत नाही.

निशाला परत घेतलंय. काउंटरवर नाही, रेकॉर्ड रूममध्ये. तिथे माणसं येत नाहीत, म्हणजे सही करायचा मोह होणार नाही. सुनावणीनंतर तुम्ही तिला गाठलंत, ते तिने मला सांगितलं. "काका म्हणाले, मी तुमची सही पाहिली नव्हती. मी म्हटलं, काका, तुम्ही बघतच नव्हता ना." पुढे म्हणाली, "मलाच कसंतरी झालं."

आता काम. बायडाबाईंना आमच्याकडच्या वाचा-उपचारांत राखीव जागेवर घेता येईल. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, सहा महिने. घटना बदलेपर्यंत तरी त्यासाठी फॉर्म भरावा लागतो, आणि त्यात जबाबदार व्यक्ती दोन लागतात, कारण प्रत्येक वेळी एकाने सोबत यायचं असतं. गेनबांना एका डोळ्याने दिसत नाही, त्यांना दोन बस बदलून आणणं जमणार नाही.

फॉर्म सोबत आहे. पहिल्या ओळीवर तुमचं नाव मी लिहिलेलं नाही. 'नाते' हा रकानाही कोरा ठेवलाय. फुली मारून 'इथे सही करा' असं लिहायची इच्छा झाली होती, लिहिलं नाही.

मुदत १० जून.

सुरुची

वारजे,
१२ जून

बाबा,

फॉर्म ९ तारखेला पोचला. काउंटरवरच्या नव्या मुलाने तो दोनदा वाचला आणि मला हाक मारली. "मॅडम, हे चालतं का?"

नाव तुमचं, ठळक. सहीखाली कंसात 'निषेधासह'. नाते या रकान्यात तुम्ही आधी 'मालक' लिहिलंय, ते खोडलंय. मग 'कुटुंबीय' लिहिलंय, तेही खोडलंय. मग अगदी बारीक अक्षरात, रकान्याबाहेर जाऊन: 'एकोणीस वर्षे यांच्या हातचे जेवलो.'

हे नातं होत नाही. रकान्यात बसत नाही. मी त्या मुलाला सांगितलं, चालतं.

दुसरी ओळ माझी होती. पेन काढलं, नाव लिहिलं, सही केली. आणि मग नाते. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्यानंतर माझी वेणी घालायला, डबा भरायला, ताप असला की कपाळावर हात ठेवून बघायला त्याच होत्या, आणि माझ्याजवळ त्यासाठी शब्द नव्हता. मागे रांग वाढली. एक बाई म्हणाली, "अहो ताई, लिहा ना काहीतरी, आम्हाला पण जायचंय."

नाते या रकान्यापाशी मला सहा मिनिटं लागली. काउंटरच्या घड्याळावर पाहिली. तुम्हाला एकेचाळीस लागली होती, आणि तुमच्यासमोर व्हीलचेअर होती. तेवढा फरक मी राखून ठेवते. पण सहा लागली, हे लेखी कळवते आहे.

काय लिहिलं ते फॉर्मवर आहे. तो फॉर्म दर वेळी काउंटरवर दाखवावा लागतो, जो सोबत येईल त्याने. शुक्रवार मी घेतले आहेत. बायडाबाई मंगळवारी सव्वानऊला धायरीच्या थांब्यावर उभ्या असतील. उजव्या बाजूने धरा, हात तो पडलाय. बसमध्ये त्यांच्याशी बोला, डॉक्टरांनी सांगितलंय. घटनेवर बोललात तरी चालेल, त्यांना सवय आहे. मात्र दर वाक्यानंतर थांबा आणि त्यांना उत्तर द्यायला वेळ द्या.

आणि चहा तुम्ही करून घेऊन जा.

सुरुची